काळी चार

त्या वर्षी गावानं जत्रेला नाटक धरलं, तेव्हा त्यातलं बहुतेक सगळं मागून आणलेलं होतं. पडदा आष्ट्याहून आला. वल्हं खऱ्या नावाड्याचं होतं. गॅसबत्त्या आदगोंडाच्या दुकानातल्या, आणि त्यात घालायचं रॉकेल रेशनचं, घराघरानं आपल्या वाटणीतलं थोडं थोडं काढून दिलेलं. लुगडी तर नेहमीच मागून आणायची. बायकांची कामं पुरुष करायचे, त्यामुळं नाटक सुरू झालं की बायकांच्या बाजूला कुजबुज चालायची. "ते माजं बघ. पदराला जळाल्याचा डाग हाय का न्हाई?" नाटकातली बाई दुःखानं कोसळली तरी लुगड्याची मालकीण म्हणायची, "मातीत लोळतोय मेला, धुनार कोन?"

गावाची पायपेटी सोडली तर मागून न आणलेल्या दोनच गोष्टी होत्या. नाटक भाऊसोनं स्वतः लिहिलं होतं आणि पदांच्या चाली तवनाप्पानं लावल्या होत्या.

भाऊसो सांगलीला शिकायला होता. बेचाळीसच्या धामधुमीत त्याची शाळा सुटली ती सुटलीच. पण तिथं असताना त्यानं मिळेल ते नाटक बघितलं होतं, आणि गावात परतल्यावर बैलांच्या मागं चालता चालता त्यानं हे रचलं. 'संगीत घाटावरचा दिवा' असं त्याचं नाव. एका नावाड्याची बायको. नवरा पुरात नाव घेऊन पल्याड जातो, परत येत नाही. ती रोज संध्याकाळी घाटावर दिवा लावते. शेवटी पहाटेला ती एकटी घाटावर उभी राहून एक पद म्हणते आणि पडदा पडतो. नावाडी आला की नाही, हे भाऊसोनं लिहिलं नव्हतं. लोकांनी विचारलं की म्हणायचा, "मला तरी कुटं ठावं हाय?"

तवनाप्पाचं नदीकाठाला उसाचं रान होतं. सांगलीला एक नाटक कंपनी मोडली, तेव्हा गावानं वर्गणी काढून तिची पायपेटी बैलगाडीतून आणली होती. ती वाजवणारा गावात तोच एक. पायानं भाता हलवायचा, त्यामुळं दोन्ही हात मोकळे राहायचे, आणि पेटीवर बसला की तवनाप्पा नेहमीपेक्षा उंच दिसायचा.

चाली त्यानं एका पावसाळ्यात लावल्या. आदल्या श्रावणात त्याची बायको पद्मावती तापानं गेली होती. मूल नव्हतं. थोरली बहीण कस्तुरी विधवा होऊन माहेरी आलेली, ती भाकरी करून घालायची. बाहेर पाणी पडत असायचं, रानात काम नसायचं, आणि भाऊसो एकेक पद घेऊन यायचा. आधीची सगळी पदं तवनाप्पानं सहज बसवली. शेवटचं पद मात्र त्यानं हातात घेतलं आणि त्याला चाल लावावीच लागली नाही.

दिवा लाविते मी बाई, वारा घालितो फुंकर
पल्याडच्या पाण्यातून, नाव येऊ दे लौकर

ती पद्मावतीची चाल होती. तिचं माहेर कानडी मुलखाच्या सीमेवरचं. तिथून तिनं ती आणली होती. शब्द कानडी होते आणि तिला अर्धेच येत. उरलेल्या जागी ती नुसतं गुणगुणायची. पहाटे जात्यावर बसली की आधी जात्याची घरघर सुरू व्हायची आणि मग तिच्यातून तो आवाज वर यायचा, नदीवरचं धुकं उन्हाच्या आधी वर येतं तसा. तवनाप्पा अंथरुणात पडून ऐकायचा. कधी सुगीत दळण जास्त असलं की उठून तिच्यासमोर बसायचा आणि खुंट्याला हात लावायचा. पुरुष जात्यावर बसतो म्हणून शेजारणी हसायच्या. ती म्हणायची, "हसू द्या. पीट काय त्यास्नी न्हाई द्याचं."

ती कुठल्या सुरात गायची, हे त्यानं एकदा पेटीवर लावून बघितलं होतं. काळी चार. पेटीची चौथी काळी पट्टी, तिथं तिचा सा. रोज तिथंच. थंडी असो, सर्दी असो, जातं रिकामं असो, ती सुरू करायची ती काळी चारवरच. जणू त्या पट्टीला तिचं घर होतं.

म्हणून शेवटचं पद त्यानं काळी चारमध्ये बसवलं. म्हणणारा कोण, तर गुंडा. नाथाजीचा पोरगा, मिसरूड फुटायच्या आधीपासून नाटकात बायकांची कामं करायचा. असा गोड, उंच, पातळ गळा पंचक्रोशीत नव्हता. पद्मावतीनंच त्याला लुगडं नेसायला शिकवलं होतं. तो दारात दिसला की ती तवनाप्पाला म्हणायची, "आली बगा माजी सवत." गुंडा लाजून कासोटा धरून पळायचा.

चाली लावल्या तेव्हा गुंडा लढाईवर होता, इटलीच्या डोंगरात. तवनाप्पाच्या कानात मात्र तो गेला त्या दिवशीचाच गळा होता. माणूस जाताना जसा असतो तसाच परत येणार, असं त्यानं धरलं होतं. त्या घरात तेव्हा दुसरं काही धरवत नव्हतं.

गुंडा परत आला तो मिशा घेऊन. जाड, काळ्या, टोकाला पीळ दिलेल्या. आणि आवाज विड्यांनी, बर्फानं आणि हुकूम ओरडून ओरडून खाली गेलेला.

पहिला तंटा मिशांवरून झाला. बाप जिवंत असताना मिशी काढायची म्हणजे बापाला जिवंतपणी पोचवायचं. नाथाजी वखारीच्या दारात येऊन बसला. नाटकाच्या तालमी संध्याकाळी आदगोंडाच्या हळदीच्या वखारीत चालत. सगळ्यांची धोतरं मागून पिवळी व्हायची आणि घरच्या बायका म्हणायच्या, "आलं नवरदेव हळद लावून."

"मी हितं बसलोय," नाथाजी म्हणाला, "धडधाकट. आनि ह्यो मिशी उतरवनार. गाव काय म्हनंल?"

"गाव म्हनंल, बाई बरी दिसतीया," भाऊसो म्हणाला.

"पदरानं झाकून घे म्हनावं."

"नाना, पदर तोंडावर घेऊन गाणं म्हनलं तर उसात कोल्हं वरडल्यागत हुईल."

वखारीतले सगळे हसले. नाथाजीही हसला, पण उठला नाही. शेवटी असं ठरलं, की नाटकाच्या दिवशी मिशी काढायची आणि नाथाजीनं सगळ्यात पुढं बसायचं, म्हणजे बाप जिता आहे हे गावाला दिसत राहील.

तालमी सुरू झाल्या. आधीची पदं गुंडा नीट म्हणायचा. ती खालच्या पट्टीतली होती. शेवटच्या पदाशी आलं की कधी घसा बसलेला असायचा, कधी बापानं बोलावलेलं असायचं. तवनाप्पा म्हणायचा, "बरं, ऱ्हाऊ दे," आणि पद नुसतंच वाजवायचा. वखारीत हळदीची धूळ तरंगत असायची, कंदिलाच्या उजेडात ती सोन्यासारखी दिसायची, आणि वाजवता वाजवता तवनाप्पाला वाटायचं की कुणीतरी म्हणतंय. सूर इतका भरलेला असायचा की गळा नाही हे त्याच्या ध्यानातच यायचं नाही.

मग एके दिवशी तो पाणी पाजायला रानात गेला असताना त्यानं ऐकलं. दुपार होती. ऊस डोक्यावर गेलेला, पात्यांची सळसळ चाललेली. त्या सळसळीतून कुणीतरी ते पद म्हणत होतं. तवनाप्पा फावडं टेकून उभा राहिला. आवाज चढला, चढला, आणि 'वारा'शी येऊन फाटला. परत सुरू झाला. परत तिथंच फाटला. मग खोकला. मग बराच वेळ नुसता ऊस.

गुंडा बांधावर आला तेव्हा त्याला तवनाप्पा दिसला. पाणी सरीतून पुढं गेलं आणि दुसऱ्याच्या रानात शिरलं, तरी तवनाप्पानं ते वळवलं नाही.

संध्याकाळी भाऊसो त्याच्या घरी आला. कस्तुरीनं त्याला गूळ-पाणी दिलं. त्यानं गुळाचा खडा बराच वेळ चघळला.

"आण्णा, एक सांगू?"

"सांग की."

"शेवटचं पद काळी एकमदी घेऊया."

तवनाप्पानं मान हलवली. नाही.

"आवं, चाल तीच ऱ्हानार. नुसती पट्टी उतरवायची."

"पट्टी उतरली की ते पद ऱ्हात न्हाई."

"मानसाच्या गळ्याचं काय? समद्या गावाम्होरं फाटला तर? चार वर्सं लढाईत घालवून आलाय त्यो. हितं हसं व्हायला?"

"त्याला म्हनावं, दूध पी. विड्या सोड."

"विड्या कवाच सोडल्यात त्यानं. तुमास्नी सांगत न्हाई. म्हनतोय, वैनीचं पद हाय, मी चढवतो, फाटला तर फाटला."

तवनाप्पा उठून दारात गेला. त्याला सांगायचं होतं ते असं, की तिचं अंगण झाडून झालं, तिचे डबे दुसऱ्यांच्या हातानं लागले, गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात उभं राहिलं. चेहराही अलीकडं नीट आठवत नाही. डोळे आठवले तर कपाळ आठवत नाही. एक तेवढा सूर जागच्या जागी आहे. पेटी उघडून बोट ठेवलं की असतो. तो खाली आणला तर मग कुठं बघायचं? पण हे बोलायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "न्हाई जमायचं, भाऊसो."

भाऊसोनं पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि निघाला. जाताना कस्तुरीला म्हणाला, "आक्का, लुगडं एक कमी पडतंय. शेवटच्या प्रवेशाला."

कस्तुरीनं भावाकडं बघितलं. घरात द्यायजोगं एकच होतं, पद्मावतीचं हिरवं इरकली. ते ट्रंकेत होतं आणि ट्रंक कुणी उघडत नव्हतं.

"दे की," तवनाप्पा म्हणाला.

"तवना, जरा इचार कर."

"लुगडंच हाय न्हवं, आक्का. ठेवून कसर लागंल."

कस्तुरीला त्या दिवशी भाऊ कळला नाही. तिनं चार घरी बोलून दाखवलं, की काळीज घट्ट झालंय त्याचं. गावातही सगळ्यांना वाटलं, की लुगडं देणं हीच अवघड गोष्ट होती आणि ती त्यानं केली.

जत्रेचा दिवस आला. जेवणं उरकून लोक देवळापुढच्या पटांगणात घोंगडी अंथरून बसले, मधे दोर बांधून एका बाजूला बाया आणि एका बाजूला बाप्ये. नाथाजी सगळ्यात पुढं, फेटा बांधून, सगळ्यांना दिसेल असा. आत रंगपटात गुंडाची मिशी उतरली. न्हाव्यानं विचारलं, "केस काय करू?" गुंडा म्हणाला, "बाबाला नेऊन दे. म्हनावं, ठेव जपून."

नाटक रंगलं. नावाड्याचं काम करणारा वल्हं विसरून आला आणि हातानंच नाव वल्हवत पल्याड गेला, तेही लोकांनी मानून घेतलं. पदांना वन्समोर पडले. लुगडी ओळखली गेली. मग हळूहळू पोरं आयांच्या मांडीवर आडवी झाली, म्हातारे बसल्या जागी डुलू लागले, आणि बत्त्यांचा सूंऽऽ आवाज तेवढा एकसारखा येत राहिला. तवनाप्पाचे पाय भात्यावर आपोआप चालत होते. नदीकडून धुकं येऊन पटांगणात शिरलं होतं. बसलेली माणसं त्यात छातीपर्यंत बुडाली होती, आणि स्टेजवरची माणसं पाण्यावरून चालल्यासारखी येत होती, बोलत होती, जात होती. कोण खरं गावातलं आणि कोण भाऊसोनं लिहिलेलं, हे त्याला मधून मधून समजेना. एकदा त्याला वाटलं, आपणही लिहिलेलेच आहोत, आणि पुढं काय हे भाऊसोला ठाऊक नाही.

पूर्वेला फटफटलं तेव्हा शेवटचा प्रवेश आला.

गुंडा हातात पणती घेऊन आला. हिरवं इरकली नेसून, डोक्यावर पदर. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली नाही. ते कुणाचं, हे सगळ्यांना माहीत होतं. कस्तुरीनं डोळ्यांना पदर लावला. तवनाप्पानं बघितलं. काही झालं नाही. लुगडं होतं. हिरवं, बारीक काठाचं.

त्यानं डावा हात काळी चारवर ठेवला आणि सूर धरला.

सूर पटांगणावर गेला, धुक्यावरून सरकत देवळाच्या शिखरापर्यंत. डुलणारी म्हातारी माणसं जागी झाली. गुंडानं पणती खाली ठेवली आणि तवनाप्पाकडं बघितलं. त्याच्या तोंडाला लावलेली पांढरी रंगभुकटी घामानं विरली होती आणि वरच्या ओठावर मिशीच्या जागेचा पट्टा उघडा पडला होता. उन्हं न बघितलेला, लहान मुलाच्या कातडीसारखा. पुढं नाथाजी बसला होता. त्यानं मूठ छातीशी धरली होती. मुठीत कागदाची पुडी होती.

गुंडानं मान हलवली. वाजवा, अशा अर्थानं. फाटला तर फाटला.

तवनाप्पाचे पाय चालत होते. सूर भरत होता. बत्तीचा आवाज जात्यासारखा घरघरत होता. आणि त्या घरघरीत त्याला एकदम स्वतःची मांडी आठवली, पिठानं पांढरी झालेली. खुंट्यावर वर तिचा हात, खाली आपला. ती मधेच थांबायची आणि म्हणायची, "मुक्यानं काय वडताय? म्हना की."

तो म्हणायचा, "मला एवढं वर जमत न्हाई."

"मग खालनं म्हना. मी हाय की वर."

आणि तो म्हणायचा. खालून, जाड्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असा. हे तो विसरला होता. अंथरुणात पडून तिचं ऐकलेलं सगळं त्यानं जपून ठेवलं होतं, आणि आपण समोर बसून म्हटलेलं तेवढं टाकून दिलं होतं.

त्याचा हात खाली आला. काळी एक.

गुंडा दचकला. पटांगणातल्या कुणाला काही कळलं नाही. पडद्याच्या कडेला उभ्या भाऊसोनं मात्र डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तवनाप्पानं गुंडाकडं बघून तोच हुंकार दिला जो रानात बैलाला देतो, चल, जमंल, असा. आणि गुंडानं सुरू केलं.

दिवा लाविते मी बाई

आवाज बाईचा नव्हता. इटलीच्या डोंगरात झोपलेल्या, विड्या ओढून सोडलेल्या माणसाचा होता, आणि तो न फाटता 'वारा'वरून पुढं गेला. बायकांच्या बाजूला एक म्हातारी हळूच म्हणाली, "नावाडीच म्हनतोय गं पल्याडनं." खरंच तसं वाटत होतं. बाई घाटावर उभी आणि आवाज नदीपलीकडचा.

तवनाप्पाचा उजवा हात चालीबरोबर चालला. डाव्या हाताचं एक बोट काळी एकवर, आणि सवयीनं दुसरं बोट त्या पट्टीच्या पंचमावर गेलं, सूर भरायला जातं तसं. ते बोट कुठं पडलं हे त्यानं सहज खाली बघितलं.

काळी चारवर.

तो बघतच राहिला. खालच्या पट्टीत तिचा सा पंचम होऊन बसला होता. पद चाललं होतं, चढत होतं, उतरत होतं, आणि तो सूर सगळ्याच्या वर, न हलता, होता तिथं होता. गुंडाला तिथं जायची गरज नव्हती. ती जागा भरलेली होती.

नाव येऊ दे लौकर

पद संपलं. वन्समोर पडला नाही. मग पडदा पडला, पोरांना उठवायची गडबड झाली, घोंगडी झटकली गेली. कुणीतरी बत्त्या विझवल्या. उजाडलं होतं, त्यामुळं अंधार झाला नाही.

गुंडा तोंड पुसत खाली आला. हिरव्या पदराला पांढरा रंग लागला होता. नाथाजीनं त्याच्या हातात पुडी दिली. "घे तुजी मिशी," म्हणाला, आणि पोराच्या उघड्या ओठाकडं बघवेना म्हणून दुसरीकडं बघू लागला. गुंडा पेटीशी येऊन टेकला.

"आण्णा, उतरवलीसा?"

"व्हय."

"माज्यापायी."

"न्हाई रं गड्या. मला बी वर जमत न्हवतं."

लुगडं तसंच अंगावर घेऊन गुंडा बापाबरोबर घराकडं गेला. वाटेत पोरं त्याला बघून हसत होती.

तवनाप्पा बसूनच होता. उजवा हात मांडीवर आलेला, काळी एकही सुटलेली. काळी चारवरचं ते एक बोट तेवढं राहिलं होतं आणि पाय अजून भात्यावर चालत होते. मोकळ्या पटांगणावर तो एकच सूर चालला होता. कस्तुरी तांब्याभर पाणी घेऊन आली आणि जवळ उभी राहिली. तिनं थोडा वेळ ऐकलं.

"तवना, पाय थांबीव आता. लोक गेलं."

"थांबवतो, आक्का."

त्यानं पाय थांबवले. बोट काढलं नाही. भात्यात होता तेवढा वारा बाहेर येत राहिला आणि सूर बारीक होत गेला, कुणी बोलत बोलत नदीकडं निघावं तसा. ऐकू येईनासा झाल्यावरही त्यानं जरा वाट बघितली. मग झाकण लावलं आणि कस्तुरीच्या हातातून तांब्या घेतला.